भिंतीवरून गेलेले

बाळंतपणाची रजा संपवून भौतिकशास्त्राच्या संस्थेत परतले, तर माझ्या खुर्चीवर मास्तरांचं जर्किन आणि टेबलावर त्यांचा दुसरा संगणक. मास्तर म्हणजे आमच्या गटातले माझे ज्येष्ठ सहकारी. समोरच्याने तोंड उघडलं की आधी त्याचं वाक्य दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव. "तुम्ही येणार की नाही ते नक्की नव्हतं, आईसाहेब," ते म्हणाले. रजेवर जाण्याआधी मी त्यांच्यासाठी नुसती 'तू' होते. मान वाढला तो असा.

जर्किन मी उचललं नाही. खुर्ची तिरकी केली, ते आपोआप खाली पडलं. संगणक मात्र हलेना. टेबलाजवळचा एकुलता एक प्लग त्यानेच अडवलेला, त्यामुळे दूध काढायचा पंप घेऊन मी जुन्या यंत्रांच्या खोलीत जायची. तिथे कडी नव्हती. एका पायाने दार दाबून बसायचं आणि कान बाहेर ठेवायचे.

माझा करार महिनाअखेर संपत होता. तो वाढला तर नोकरी, आणि नोकरी असेल तरच लेकीला तळमजल्यावरच्या पाळणाघरात जागा. ती जागा गेली असती तर मी पुन्हा घरी, आणि एकदा घरी बसलेली बाई आमच्या क्षेत्रात परत येत नाही. निर्णय गटप्रमुख सरांच्या हातात होता आणि तो ते नव्या पेपरवरून घेणार होते.

आमचं काम टनेलिंगचं. चेंडूत टेकडी चढण्याइतका जोर नसेल तर तो परत फिरतो, हे लेकीलाही वर्षभरात कळेल. पण इलेक्ट्रॉन कधीकधी जोर नसतानाही पलीकडे सापडतो, हेच टनेलिंग; आणि त्या टेकडीला आम्ही भिंत म्हणतो. तो भिंतीतून कसा गेला हे समजून घ्यायच्या वाटा अनेक. मास्तर इलेक्ट्रॉनच्या लाटेचा पुंजका संगणकात भिंतीवर सोडायचे आणि पलीकडे किती पोचला ते मोजायचे. माझी वाट कागदावरची: काळाला काल्पनिक संख्या मानलं की भिंत उलटी होऊन दरी होते, आणि त्या दरीतून जाणाऱ्या मार्गावरून पार होण्याची शक्यता काढता येते. सरांचा दंडक असा की एकच प्रश्न दोघांनी दोन वाटांनी सोडवायचा आणि गटाच्या सभेपर्यंत एकमेकांशी त्याबद्दल बोलायचं नाही. उत्तरं जुळली तरच पेपर.

आमची जुळली नाहीत. माझ्या हिशेबाने भिंत जाड करत गेलं की पलीकडे पोचणारे इलेक्ट्रॉन झपाट्याने घटत होते, जवळपास शून्याकडे. मास्तरांचे मात्र एका मर्यादेनंतर घटेनातच. भिंत कितीही जाड करा, तेवढे पलीकडे पोचतातच. त्यांनी याला नवा परिणाम म्हणायला सुरुवात केली. सरांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी तेज आलं असं सगळे म्हणत होते. माझी पद्धत मुळात अंदाजे, ती जाड भिंतीला पुरत नाही, असंही ठरून गेलं. बाळंतिणीचं डोकं दुधात विरघळतं, हे मास्तर चहाच्या खोलीत बोलले. मी दारातच होते हे त्यांना दिसत होतं.

मी एकदा त्यांच्याकडे गेले. आकडे समोरासमोर ठेवून बघू या, म्हटलं. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "सभेपर्यंत बोलायचं नाही. नियम म्हणजे नियम, आईसाहेब."

दोन-तीन दिवसांनी त्यांनी आपल्या पुंजक्याचं चित्र चहाच्या खोलीत लावलं. सुईसारखा बारीक, देखणा. कप हातात घेऊन मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिले. मग कप विसळला, जागेवर ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही. त्या दिवशी लेकीला घेऊन घरी जाताना बऱ्याच दिवसांनी माझे खांदे सैल होते.

सभेत सरांनी मला आधी फळ्यापाशी उभं केलं. मास्तर मागे रेलून बसले आणि एकेक पायरी उकरू लागले. हे गृहीत कशावरून, ते पद का सोडलं. मी उत्तरं देत होते, तेवढ्यात फोन थरथरला. पाळणाघरातल्या ताई. लेक बाटली तोंडाला लावू देत नव्हती, सकाळपासून.

"घ्यायचा तर घ्या फोन," सर म्हणाले. "निर्णय आम्ही घेऊन टाकतो."

"हिचा काळ काल्पनिक आहेच," मास्तर म्हणाले, "आता नोकरीही होईल." दोघं-तिघं हसले. सरही.

मी फोन पालथा ठेवला. छातीत दूध दाटलं होतं, ओढणी पुढे घेतली. मग मास्तरांना विचारलं, पुंजका इतका बारीक का घेतला.

पोचण्याची जागा नेमकी कळावी म्हणून, ते म्हणाले, आणि वर हे शाळेत शिकवतात असंही जोडलं.

"जागा इतकी नेमकी केली की वेग अनिश्चित होतो, मग ऊर्जा किती पसरली असेल?"

पुंजक्याची सरासरी ऊर्जा भिंतीच्या उंचीच्या निम्मी आहे, हे त्यांनी ठासून सांगितलं.

"सरासरी," मी म्हटलं. "नदी सरासरी गुडघाभर खोल आहे म्हणून पोर सोडाल का पाण्यात?"

फळ्यावर मी भिंत काढली, तिच्या शेजारी ऊर्जेच्या आलेखाचा पसरट डोंगर, आणि भिंतीच्या माथ्याच्या वर उरलेलं त्याचं टोक खडूने भरून टाकलं. "हे भिंतीतून गेलेच नाहीत. वरून गेले. वरून जाणाऱ्याला भिंत जाड असली काय नि पातळ काय."

सरांनी मास्तरांना पुंजका रुंद करून, म्हणजे ऊर्जेचा पसारा आवळून, हिशेब तिथल्या तिथे पुन्हा चालवायला लावला. पडद्यावर त्यांची रेघ उतरायला लागली. उतरता उतरता माझ्या रेघेवर येऊन बसली.

"जुळतंय," मास्तर म्हणाले. दाताखाली खडा यावा तसं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चेहऱ्यावरचं तेज गेलं होतं, आणि ते माझ्यामुळे गेलं होतं. पेपर साधाच होईल, आकडे हिचे घ्या, ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "करार वाढवतो. मी खूश आहे असा अर्थ काढू नका."

मी जिन्याकडे धावले. मास्तरांनी कठड्याशी गाठलं. ते कुजबुजत होते, पण मान लाल झाली होती.

"चित्र पाहिलंस तेव्हाच कळलं होतं तुला."

"हो."

"आणि मला सगळ्यांसमोर तोंडघशी पडू दिलंस."

"सभेपर्यंत बोलायचं नाही. नियम म्हणजे नियम."

त्यांना आणखी काही बोलायचं होतं. मला ऐकायचं नव्हतं. खाली लेकीचं रडणं जिन्यापर्यंत येत होतं. तिला उचललं, आधी कपाळाला हात लावला, मग मानेला, मग पुन्हा कपाळाला. ताप नव्हता. नुसता राग होता. पिताना ती मला चावली. ताईंनी विचारलं, पुढच्या महिन्यात जागा ठेवायची ना? ठेवा, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर जर्किन नव्हतं. दुसरा संगणक मात्र टेबलावर तसाच, आणि मास्तर पलीकडे पाठ फिरवून बसलेले. मी वाकून त्या दुसऱ्या संगणकाची वायर काढली, तिथे पंप लावला आणि ओढणी पांघरून बसले. पंप मोठा आवाज करतो. मास्तर एकदा वळले, तोंड उघडलं, मिटलं आणि पुन्हा पडद्याकडे फिरले.