त्रेसष्ट शेरे

माझे वडील, आण्णा, तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि त्या स्टोअरचा कॉम्प्युटर प्रोग्राम मी लिहिला होता. वशिला होताच. पंचाण्णव साली मी वाशीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागले, तेव्हा आमच्या साहेबांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं. आण्णांनी आपल्या कारखान्याच्या मॅनेजरला सांगितलं, "माझी पोरगी करती की." एवढ्यावर काम मिळालं.

आई गेल्यापासून सानपाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. जेवण झालं की मी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून आण्णांना टायपिंग शिकवायचे. शिकवताना मी चिडायचे आणि ते गालात हसायचे. प्रोग्राममध्ये मी एक 'शेरा' नावाचा पडदा ठेवला होता. काही अडलं, चुकलं, तर त्यात लिहायचं. दर सोमवारी कारखान्याचा ड्रायव्हर फ्लॉपी वाशीला आणून देई आणि शेरे माझ्या टेबलावर येत. "तुम्ही लिहिलेलं थेट मलाच मिळतं," असं मी आण्णांना सांगितलं होतं.

कारखान्यात दुसरं कोणी शेरा लिहीत नसे. अडलं की लोक फोन उचलून ओरडतात, लिहीत बसत नाहीत. आण्णा मात्र इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, तारीख घालून: "बेअरिंग ६२०५ ची शिल्लक उणे दोन दाखवते. उणे बेअरिंग मी अजून पाहिलेलं नाही." मी ऑफिसात एकटीच हसायचे. रात्री एकाच ताटाळ्यातून ताटं काढायची आणि दिवसा आण्णांनी मला शेरे लिहायचे, असा आमचा कारभार.

मग शहाण्णवच्या नोव्हेंबरात मी प्रितमशी रजिस्टर लग्न केलं. प्रितम नेरूळचा, नकाशे काढायच्या नोकरीत, माणूस म्हणून माझ्यापेक्षा दहापट शांत. त्याचं घर बौद्ध, आमचं साताऱ्याकडचं मराठा. आण्णा म्हणाले, "गावात भावकीला तोंड कसं दावू?" मी म्हणाले, भावकी तुम्हाला जेवायला घालते का? बोलण्याला बोलणं लागत गेलं. शेवटी मी पिशवी उचलली आणि म्हणाले, "तुम्ही बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकणार नाही."

"मी बोलवायचा न्हाई," ते म्हणाले.

बापलेक एकाच मातीचे. त्यानंतर फ्लॉपीवर शेरे येणं बंद झालं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मी म्हटलं, ठीक आहे.

फेब्रुवारीत कारखान्याने जुना पीसी काढून युनिक्सचं मोठं मशीन घेतलं. माझा प्रोग्राम जुन्या पीसीच्या डॉस प्रणालीवरचा, तो युनिक्स या वेगळ्या प्रणालीवर न्यायचा होता. आठवडाभर बसून मी तो बदलला. आमच्या कंपनीत एक रीत होती: ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने स्वतः जागेवर जायचं, एक दिवस बसायचं, प्रत्येक तऱ्हेची एकेक नोंद टाकायची आणि ती नोंद जिथे जायला हवी तिथेच गेली का, हे फाइल उघडून डोळ्यांनी बघायचं. ही रीत मीच सगळ्यांच्या बोकांडी बसवली होती. पण तळोज्याला गेले असते तर आण्णांच्या खुर्चीशेजारी दिवसभर बसावं लागलं असतं. आधी मी बोलणार नाही, अशी माझी ऐट. मी इंद्रजितला पाठवलं. तो नवा होता, संध्याकाळी परत आला आणि म्हणाला, "मॅडम, सगळं झकास. शेरापण टाकून बघितला. 'शेरा जमा झाला' असं आलं." मी विचारलं नाही की फाइल उघडून बघितलीस का. मला एकच विचारायचं होतं, आण्णा कसे दिसतात, आणि तेही मी विचारलं नाही.

त्यानंतर दर सोमवारी मी फ्लॉपी घालायचे आणि शेऱ्यांची डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा कप्पा, उघडायचे. रिकामी. माझं बाकीचं काम सोमवारी सकाळी अकराच्या आत कधी सुरूच झालं नाही. एक ओळ चालली असती. बेअरिंगची चालली असती. पाडवा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. प्रितम म्हणायचा, "जाऊन ये ना. दार उघडतील." मी म्हणायचे, त्यांना लिहिता येतं, मीच शिकवलंय. मनात मात्र सानपाड्याच्या त्या खोलीतला रेडिओ रोज सात वाजता लागायचा आणि मला नेरूळला भाजी चिरताना ऐकू यायचा.

अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात आण्णा निवृत्त झाले. मला ते नोव्हेंबरात कळलं, सानपाड्याच्या शेजारीण केशरबाईंकडून. त्या बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "आण्णा गेले गावाला. खोली विकली. तुला सांगितलं नाय?" मी घरी आले आणि प्रितमवर उगाचच भांडी आपटली. बापाने घर विकलं आणि मला कळवलं नाही, याचा राग इतका आला की त्या रागाखाली काय आहे, हे बघायचं मी टाळलं.

नव्याण्णवच्या जुलैत तळोज्याला जाणं मला भागच पडलं. दोन हजार साल लागताना तारखा चुकतील म्हणून सगळीकडे घबराट होती आणि जुन्या प्रोग्रामची तपासणी ज्याने त्याने जागेवर जाऊन करावी, असं साहेबांनी बजावलं. आता तिथे आण्णा नव्हते, त्यामुळे नाही म्हणायला कारणही नव्हतं. स्टोअरमध्ये कुलदीप नावाचा नवा माणूस. त्याने चहा मागवला, खुर्ची दिली. आण्णांची खुर्ची असणार, बसताना मला ते जाणवलं.

लोकांसाठी मशीन सुरू केलं की सरळ माझा प्रोग्रामच उघडायचा, मागे काय आहे ते कोणाला दिसत नसे. मी प्रोग्राम बंद केला आणि तो ज्या डिरेक्टरीतून चालतो तिच्यातल्या फायलींची यादी मागवली. वीसेक फायली असायला हव्या होत्या. पडदा भरून यादी सरकत गेली. लांबलचक नावं, सगळी एकसारखी सुरू होणारी: सी, दोन टिंबं, तिरपी रेघ, भांडार, तिरपी रेघ, शेरा, तिरपी रेघ, आणि पुढे क्रमांक. एक ते चौसष्ट.

मी बघताक्षणी समजले. डॉसमध्ये फाइलचा पत्ता लिहिताना दर डिरेक्टरीनंतर एक तिरपी रेघ येते, डावीकडे झुकलेली. युनिक्समध्ये ती उजवीकडे झुकलेली लागते. डावीकडची रेघ युनिक्सला पत्त्याची खूण वाटतच नाही, नावातलं एक अक्षर वाटतं. प्रोग्राम बदलताना मी सगळे पत्ते बदलले होते, पण शेऱ्याचा पत्ता पहिल्या वर्षी घाईत भलत्याच जागी हाताने लिहून ठेवला होता. तो एकटा जुनाच राहिला. पाकिटावरचा अख्खा पत्ता माणसाचं नाव समजून पोस्टमनने पाकीट आपल्याच कचेरीत ठेवून द्यावं, तसं मशीनने प्रत्येक शेरा तिथेच ठेवला होता, फ्लॉपीवर जाणाऱ्या कप्प्यात नाही. आणि फाइल तयार झालीच होती, म्हणून दर वेळी इमानाने सांगितलं होतं, शेरा जमा झाला.

पहिला इंद्रजितचा होता: "टेस्ट टेस्ट." बाकीचे त्रेसष्ट आण्णांचे.

सत्त्याण्णवचा पाडवा: "नवीन मशीन चांगले आहे. प्रोग्राम पहिल्यापेक्षा फास्ट. श्रीखंड आणले होते. एकट्याला जात नाही."

मे: "व्ही-बेल्टची नोंद दोनदा येते. केशरबाईने तुला बाजारात बघितले. वाळली आहेस म्हणाली. खात जा."

जून: "गावी जाऊन आलो. भावकीने विचारले. मी सांगितले, जावई नकाशे काढतो, स्वभावाने गरीब आहे. चौकशी केली होती मी."

श्रावणात: "रविवारी दोघे या. मी घरीच आहे."

त्याच्या पुढचा, सोमवारचा: "आला नाहीत. काम असेल."

मग पुन्हा रविवार. पुन्हा सोमवार. मध्येच एखादा नटबोल्टचा हिशेब, जणू काही झालंच नाही. एकदा नुसतंच: "माझे चुकले." तारीख होती दिवाळीच्या पाडव्याची. त्या संध्याकाळी मी नेरूळच्या गॅलरीत बसून ठरवलं होतं की या माणसाला काळीजच नाही.

कुलदीप समोर उभा होता. मी रडत होते आणि लपवतही नव्हते. त्याला वाटलं असेल, दोन हजार सालात काहीतरी भयंकर होणार आहे.

शेवटचे दोन अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरातले. "३१ तारखेला शेवटचा दिवस. चार वाजता कँटीनमध्ये चहा आहे. घरची माणसे येतात. तू येशील असे मी कोणाला सांगितलेले नाही. पण ये." आणि एकतीस तारखेचा, साडेपाचचा: "उद्यापासून कुलदीप बसेल. त्याला शेरा लिहायला शिकवले आहे. तुझ्यावर राग नाही. खोली विकतो, तिथे आता करमत नाही."

"आण्णांचा नंबर आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

कुलदीपने ड्रॉवरच्या आत चिकटवलेला कागद दाखवला. "गावच्या दूध डेअरीचा हाय. जाताना देऊन गेले. स्टोअरचं काय अडलं तर विचार म्हणाले."

त्याने टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला आणि बाहेर गेला. डेअरीतल्या माणसाने "थांबा, बोलावतो" म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवला. कॅन आपटल्याचे आवाज येत राहिले. मग चपला ऐकू आल्या. त्या मी ओळखल्या.

"कोन बोलतंय?"

"आण्णा, मी सुनयना."

"बोल," ते म्हणाले.

"तुमचे शेरे मिळाले. सगळे. आज मिळाले, आण्णा."

"आज?"

मी सांगत सुटले. डावी रेघ, उजवी रेघ, मशीन बदलताना राहून गेलेला पत्ता, इंद्रजितला पाठवलं ते. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "म्हंजी प्रोग्राम चुकला?"

"मी चुकले. ती ओळ माझीच होती."

"तसं कसं," आण्णा म्हणाले. "तुझ्या कामात चूक आसंल, आसं माझ्या मनात एकदाबी आलं न्हाई. मला वाटलं, पोरगी वाचती आन गप बसती."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. दर सोमवारी रिकामी डिरेक्टरी बघताना मलाही प्रोग्रामचा संशय कधी आला नव्हता. आण्णांचाच आला होता. मी त्यांना तसं सांगितलं.

पलीकडचे कॅनचे आवाज थांबले होते. मला वाटलं, लाइन तुटली.

"आण्णा?"

"ठिवू नगंस," ते म्हणाले. "हाय मी हितंच."