थोरल्याच्या गाडीचे ब्रेक

तिलेकचं लग्न डोंगरापलीकडच्या तलास गावातल्या मुलीशी ठरलं, त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत एका सकाळी मुकाशने अंगणाच्या कोपऱ्यातल्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. उन्हाने आणि बर्फाने ती कडक झाली होती. चुरचुरत खाली आली, आणि तिच्याबरोबर कुजलेली पानं आणि चिमण्यांचं एक जुनं घरटं पडलं.

तिलेक हात खिशात घालून उभा होता.

"बाबा, राहू द्या. मी बाजारात ब्रेक अजून एकदा बघतो."

"उन्हाळाभर बघतोयस."

"या गाड्या आता येतच नाहीत म्हणतात."

"मग? ही आहे की घरात."

गाडी थोरल्या मुलाची, कुबातची होती. लांब, पांढरी, मागे सामानाला भरपूर जागा असलेली जपानी गाडी. आता तिचं छप्पर एका बाजूने बसलं होतं आणि काचा नव्हत्या. तू-अशू खिंडीच्या उतारावर ती रस्ता सोडून खाली गेली, तेव्हा मागे तलासच्या पांढऱ्या राजम्याची पोती भरलेली होती. रात्रभर चालवत आला होता, डोळा लागला असणार, असं सगळेच म्हणाले. पोलीस म्हणाले, मुल्ला म्हणाला. ते ऐकल्यावर कुबातची आई बुरुल पहिल्यांदा दोन घोट पाणी प्यायली होती. झोपेत गेला. कळलंही नसेल त्याला.

तिलेकची गाडी त्याच कंपनीची, पण लाल, बुटकी, दोन दारांची. जुनी स्पोर्ट्स कार. पाहुणे यायचे ते आधी तिच्याभोवती फेरी मारायचे आणि मग घरात शिरायचे. मुकाश तिला नावं ठेवायचा. "पळायचं शिकलीय, थांबायचं नाही. अगदी मालकावर गेलीय," म्हणायचा. मग एका संध्याकाळी जेवताना तिलेक हसत हसत बोलून गेला, की होणाऱ्या सासुरवाडीहून येताना खिंडीच्या उतारावर ब्रेकचं पेडल मऊ पडलं, कणकेत पाय रुतावा तसं. मुकाशने घास खाली ठेवला. चहा ओतता ओतता बुरुलच म्हणाली,

"थोरल्याच्या गाडीचे ब्रेक मोठे आहेत ना? ते बसवा याला."

"आई, त्या गाडीचे?"

"त्यांचा काय दोष? त्याने दाबलेच नव्हते ते."

तिलेकने उन्हाळाभर बाजारात दुसरे ब्रेक शोधले, मिळाले नाहीत, म्हणून ताडपत्री निघाली. तिलेक कामावर गेला. मुकाशने जॅक लावला, गुडघ्याखाली गोणपाट घेतलं आणि गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल सोडून बसून राहिला. पूर्वी तो सामुदायिक शेतीवरचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. तेव्हा असा बोल्ट एका हिसक्यात सुटायचा. आता पाना लावायचा, दम घ्यायचा, पुन्हा पाना लावायचा. दुपार कलली तेव्हा एका बाजूचा कॅलिपर, चाकाची डिस्क आवळणारा ब्रेकचा जबडा, हातात आला. त्याने त्यातले दोन्ही पॅड बाहेर काढले, पालथी मूठ घासून त्यांच्यावरची धूळ पुसली, आणि ते उन्हाकडे धरले.

पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि त्यावर तडे होते. कडा राखेसारख्या पांढऱ्या. कॅलिपरमधलं रबर वितळून काळ्या मण्यांसारखं चिकटलं होतं.

तो उठला. दुसऱ्या बाजूचं चाक त्याने न थांबता काढलं. तिथेही तेच.

असे पॅड त्याने पुष्कळ पाहिले होते. खिंडीखालच्या चहाच्या टपऱ्यांपाशी रोज कुणी ना कुणी धुरकटलेली चाकं घेऊन उभा असतो. पेट्रोल वाचवायला इकडची माणसं उतारावर गिअर काढून गाडी सोडून देतात. मग सगळा भार एका पायावर येतो. झोपलेल्या माणसाचे पॅड असे जळत नाहीत.

त्याने चारही पॅड कोटाच्या खिशांत टाकले. कोट दोन्हीकडून खाली ओढला गेला.

संध्याकाळी तिलेक आला, तेव्हा मुकाश नळाखाली हात धूत होता.

"उतारावर गाडी कशी आणतोस रे?"

"कशी म्हणजे? न्यूट्रलमध्ये. सगळेच आणतात."

"कुणी शिकवलं?"

"दादाने. आणखी कोण शिकवणार? तुम्ही तर मला ट्रॅक्टरलाही हात लावू दिला नाहीत."

मुकाश हात धूतच राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

पुढचे काही दिवस काम चाललं. कॅलिपर घासून, धुऊन झाले. रबरं नवी आली, डिस्क नव्या आल्या, पॅड नवे आले. बोल्टांची भोकं जुळली, पण लाल गाडीची चाकं लहान पडली. मोठा कॅलिपर आतून घासू लागला. मग थोरल्याच्या गाडीची चाकंही काढावी लागली. एक वाकलेलं होतं, त्याच्या जागी कधीच न वापरलेलं जादा चाक आलं. पांढरी गाडी विटांवर बसली. मुकाशने तिच्यावर पुन्हा ताडपत्री घातली नाही.

गुरुवारी फक्त ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची राहिली. त्याला दोन माणसं लागतात. तिलेक कामावर होता. गुरुवार म्हणजे बुरुलची कढई चुलीवर. मेलेल्यांना तेलाचा वास पोचावा म्हणून ती सात रोट्या तळायची. मुकाशने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन खाकरलं.

"जरा पाय उसना दे."

"माझा? तुमच्यासारखाच आहे तो, सांधा धरलेला."

"पेडल दाबायचंय. बाकी काही नको."

पिठाचे हात फडक्याला पुसत ती आली आणि सवयीने उजव्या दाराने आत बसली. इकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं; या जपानी गाडीचं उजवीकडे, तिच्यासमोर होतं.

"बघा, जन्मभर या बाजूला बसले. आज चाक हातात आलं."

"गाडी जपानची आहे. तिकडे बायकाच चालवत असतील. दाब."

"दाबलं."

"धर." त्याने खाली वाकून नट सैल केला. तेलाबरोबर बुडबुडे आले. त्याने नट कसला. "सोड."

असं ते चाकामागून चाक करत गेले. दाब, धर, सोड. आधी पेडल खालपर्यंत जात होतं. हळूहळू ते अर्ध्यावर अडू लागलं.

"अहो."

"काय?"

"नवे पॅड कशाला आणलेत? जुने काय वाईट होते? त्या दिवशी कुठे वापरले त्याने."

मुकाश चाकाशी बसलेला होता. तिथून त्याला तिचा फक्त गुडघा आणि चप्पल दिसत होती.

"दाब," तो म्हणाला.

"दाबलं. सांगा ना."

त्याने नट सैल केला, बुडबुडे बघितले, नट कसला.

"जळले होते, बुरुल. दोन्हीकडचे."

शेजारच्या अंगणात कुणीतरी कोंबड्यांना हाकललं.

"सोड आता," तो म्हणाला.

तिने सोडलं नाही. चप्पल पेडलवर तशीच घट्ट होती.

"बुरुल. पाय सोड."

"किती वेळ धरला असेल त्याने?"

मुकाशने पान्यावरचं तेल पुसलं. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं.

"खिंडीच्या माथ्यावरच्या बोगद्यापासून."

ती आणखी थोडा वेळ दाबून बसली. मग पाय हळूच वर आला.

"आता दगडासारखं लागतंय," ती म्हणाली.

"तसंच लागायला हवं."

संध्याकाळी तिलेकने गाडी गल्लीत नेली, वेग दिला, कचकन थांबवली. परत आला तो लहान पोरासारखा हसत.

"बाबा, कपाळ काचेवर आपटायचं राहिलं! आता उतारबितार काही नाही."

"उतारावर गिअर काढायचा नाही," बुरुल म्हणाली. ती दारात ताट घेऊन उभी होती.

"तुला गं काय कळतं गिअरचं? कोण म्हणालं?"

"तुझा भाऊ."

तिलेकचं हसू होतं तसंच राहिलं. त्याने बापाकडे बघितलं. मुकाशने खिशातून एक जळका पॅड काढून त्याच्या हातावर ठेवला आणि जोडे काढून आत गेला.

रोट्यांभोवती तिघे बसले. मुकाशने पाठ म्हटला, आणि दर गुरुवारसारखी गेलेल्यांची नावं घेतली. आपला बाप, आपली आई, बुरुलची माणसं. शेवटच्या नावाआधी दर वेळी तो "झोपेत गेलेला" असं म्हणायचा. आज तिथे येऊन तो अडला. बुरुलने पसरलेले हात तसेच ठेवून उरलेलं म्हटलं.

मुकाशचा थोरला मुलगा कुबात सहा वर्षांपूर्वी, राजम्याच्या काढणीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी पहाटे, तू-अशूच्या उतारावर वारला. तो जागा होता.