तोतारामभाऊंची चाकांची खुर्ची

मित्रांनो, मी चाकांची खुर्ची आहे, आणि वयाने तुमच्यापेक्षा बरीच मोठी आहे. धुळ्याजवळच्या मिशनच्या एका लहान दवाखान्यात माझं सगळं आयुष्य गेलं. आता मी तिथल्याच सामानाच्या खोलीत असते. इथे फारसं कुणी येत नाही, म्हणून जुने दिवस आठवायला वेळ भरपूर मिळतो.

माझा जन्म १९८३ साली अभिमन मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मिस्त्री खरे सायकली दुरुस्त करणारे. दवाखान्याचे डॉक्टर एका चित्राचा कागद घेऊन त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, "अशी खुर्ची जमेल का?" सायकलची दोन चाकं, पाण्याच्या पाइपचे तुकडे, पुढे दोन छोटी रबरी चाकं आणि बसायला जाड कॅनव्हास, एवढ्यातून मिस्त्रींनी मला उभं केलं. वर हिरवा ऑइलपेंट दिला. माझं पुढचं एक चाक डावीकडे ओढायचं. त्यांनी ते तीन वेळा खोललं, तरी त्याची खोड गेली नाही. मग ते स्वतः माझ्यावर बसले आणि गल्लीत एक चक्कर मारून म्हणाले, "चालंल बरोबर."

दवाखान्यात मी एकटीच खुर्ची होते. त्यामुळे सगळ्यांना मी हवी असायची. ऑपरेशनचे पेशंट, पाय मोडलेले शेतकरी, अशक्त झालेल्या बाळंतिणी, सगळे माझ्यावरून फिरले. पण मित्रांनो, मला सांगायची आहे ती एकाच माणसाची गोष्ट.

१९८५ च्या उन्हाळ्यात एका जीपमध्ये आडवं निजवून तोतारामभाऊंना आणलं. ते सावद्याचे. केळीचे घड ट्रकमध्ये रचण्याचं काम करायचे. गावच्या भजनात त्यांचा आवाज सगळ्यांत वर असायचा. एके दिवशी ते भरलेल्या ट्रकवर उभे राहून दोर आवळत होते. सगळे उतरले असं समजून ड्रायव्हर पुनाने गाडी सुरू केली. तोतारामभाऊ पाठीवर पडले. कमरेखाली त्यांना काही कळेना. आता चालता येणार नाही, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी खाटेवर आठ महिने पडून पडून त्यांच्या पाठीला मूठ मावेल एवढ्या जखमा झाल्या. पुना मात्र एकदाही विचारपूस करायला आला नाही. पाय गेल्यापेक्षा ते त्यांना जास्त लागलं होतं.

मिशनच्या दवाखान्यात जखमा नीट धुतात, असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांची बायको कुंदाबाई त्यांना घेऊन आल्या होत्या.

पहिल्या आठवड्यात मला त्यांच्या खाटेजवळ नेलं, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. "मले नका बसवू तिच्यावर. खाटेवर हाये तोपर्यंत मी आजारी माणूस. खुर्चीवर बसलो म्हणजे लंगडा झालो."

मी भिंतीला टेकून राहिले.

सुनंदाबाई नावाच्या नर्स रोज सकाळी मिठाच्या पाण्याने त्यांच्या जखमा धुवायच्या. वासाने शेजारचे पेशंट बाहेर जाऊन बसायचे. सुनंदाबाई घाई करायच्या नाहीत. एकदा तोतारामभाऊ पालथे पडल्या पडल्याच म्हणाले, "सिस्टर, तुमचा येशू लंगड्याले बरं करतो म्हणता. मंग मले कायले नाही?"

सुनंदाबाईंचा हात थांबला नाही. "मला माहीत नाही, तोतारामभाऊ. माझा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याला कावीळ झाली. एकवीस दिवस मी त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत होते. तो गेला."

त्यांनी भांड्यातलं पाणी बदललं.

"मंग तरी तुम्ही देवाले मानता?"

"चिडले होते. दोन वर्षं चर्चची पायरी चढले नाही. पण त्या एकवीस दिवसांत मी एकटी नव्हते, हे मला नंतर उमगलं. त्यापुढचं मला सांगता येत नाही."

तोतारामभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. चार दिवसांनी रविवार होता. आवारातल्या प्रार्थनेच्या खोलीतून झांजा आणि मृदंगाचा आवाज येऊ लागला. तोतारामभाऊंनी थोडा वेळ ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कोण वाजवू राह्यलं ते? ताल चुकू राह्यला." मग कुंदाबाईंना म्हणाले, "आण ती खुर्ची."

अशी मी त्यांची झाले. दर रविवारी ते माझ्यावर बसून खोलीत यायचे आणि झांजा वाजवायचे. प्रवचनाच्या वेळी ते बहुतेक खिडकीबाहेर बघत. पण पुढच्या वर्षी ईस्टरच्या सकाळी पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, सांगितलं, की मेलेल्यातून उठल्यावरही येशूच्या हातांवर आणि कुशीत क्रुसावरच्या जखमा होत्या, आणि त्याने त्या आपल्या मित्रांना दाखवल्या. परत येताना सुनंदाबाई मला ढकलत होत्या; वाटेत तोतारामभाऊंनी माझं चाक हाताने धरून थांबवलं.

"सिस्टर, देव असून त्याच्या जखमा तशाच राह्यल्या?"

"हो."

"मंग माह्या पाठीचं त्याले समजत असंल."

एवढंच बोलले. पण त्या दिवसापासून त्यांची प्रार्थना सुरू झाली. पाय दे, असं त्यांनी मागितल्याचं मी फार थोड्या वेळा ऐकलं. जास्त वेळा ते दिवसभराचं सांगत बसायचे, घरी आलेल्या माणसाला सांगावं तसं. सव्वा वर्षाने शेवटची जखम भरली. १९८७ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. दवाखान्याच्या मळ्यातल्या हौदाच्या काठावर मला उभं केलं आणि चौघांनी त्यांना उचलून पाण्यात नेलं. त्यांच्या चुलतभावाला ते पटलं नाही. तो रागावून निघून गेला. कुंदाबाई म्हणाल्या, "हे आता हसू लागले. मले तेवढं दिसतं."

मग ते दोघं आवारातच राहिले. तोतारामभाऊ दारापाशी बसून केसपेपर द्यायचे आणि नव्या पेशंटला धीर द्यायचे. नवं कुणी तोंड फिरवून पडलेलं दिसलं, की ते मला त्याच्या खाटेला लावायचे आणि काही न बोलता बसून राहायचे.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सगळे मोठ्याने म्हणत. ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना क्षमा करण्याची ओळ आली, की तोतारामभाऊ गप्प व्हायचे. पुढची ओळ आली की पुन्हा म्हणू लागायचे. सुनंदाबाईंनाही ते माहीत होतं. त्या कधी बोलल्या नाहीत.

१९९१ च्या थंडीत फाटकापाशी एक टेम्पो थांबला. एका माणसाने म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन व्हरांड्यापर्यंत आणलं. तिचा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजून काळा पडला होता. त्याने मान वर केली आणि तोतारामभाऊंना बघून तो जागच्या जागी उभा राहिला.

"भाऊ, मी पुना शे," तो म्हणाला. "दोन येळा सावदाले उनू व्हतू. तुमना दारपाईन परत गऊ. हिंमत नही व्हयनी." दोनदा सावद्याला येऊन तो त्यांच्या दारातूनच मागे फिरला होता.

तोतारामभाऊंचे हात माझ्या चाकांवर आवळले गेले. सहा वर्षं त्यांनी या माणसाला काय काय सुनावायचं ठरवलं होतं, ते मी कितीदा ऐकलं होतं. म्हातारी मुलाच्या पाठीवर कण्हत होती. ऑपरेशनची खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती.

"मले खाली घ्या," तोतारामभाऊ म्हणाले.

कुणाला कळेना.

"खाली घ्या मले, त्या गोणपाटावर. माय बसंल हिच्यावर. तिले जास्त घाई हाये."

पुनाने आईला टेकवलं आणि स्वतःच तोतारामभाऊंना उचललं. उचलताना तो रडत होता. तोतारामभाऊंनी त्याच्या गळ्याभोवती हात टाकला, कारण त्याशिवाय उचलताच आलं नसतं. मग म्हातारीला माझ्यावर बसवून सुनंदाबाई मला ढकलत निघाल्या. मागे तोतारामभाऊ जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते आणि पुना त्यांच्या पायांशी.

म्हातारीचा पाय वाचला. पुना महिनाभर तिथेच राहिला. रोज सकाळी तो तोतारामभाऊंना माझ्यावर बसवायचा. पहिले काही दिवस दोघं केळीच्या भावाशिवाय काही बोलत नसत. ती क्षमेची ओळही तोतारामभाऊंच्या तोंडून लगेच आली नाही. ती आली नाताळच्या प्रार्थनेत, आणि तीही इतकी हळू, की ती फक्त मलाच ऐकू आली असेल.

मित्रांनो, १९९६ मध्ये दवाखान्यात घडीच्या नव्या खुर्च्या आल्या. माझा कॅनव्हास फाटला होता, स्पोक तुटले होते. तोतारामभाऊ नव्या खुर्चीवर गेले. मला थोडं वाईट वाटलं, पण नवी खुर्ची हलकी होती आणि त्यांचे खांदे आता दुखत होते. ते अजून दारापाशीच बसतात. त्यांचा आवाज इथपर्यंत येतो.

तुमच्याजवळ माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी खुर्ची कुठे दिसली तर तिच्या चाकांना तेल द्या, तिच्यावर बसून शर्यती लावू नका. आणि कुणी तिच्यावर बसलेलं असेल, तर ढकलणाऱ्याला विचारू नका, की यांना काय झालंय. जरा वाका, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर या, आणि आधी त्याचं नाव विचारा.