सुलतानाचं पान

१९५६ साली सावली गावच्या वाचनालयासाठी गुणवंतराव गुरुजींना अफूच्या व्यसनावर एक खरं पुस्तक लिहायचं होतं. वाचनालयातली पुस्तकं त्यांनी वाचली होती. त्यांत व्यसनी माणूस शेवटच्या पानावर शपथ घेई आणि सुटे. असं सुटलेलं गुरुजींनी गावात कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कापूस पिंजणाऱ्या मन्सूरकडे गेले. अकरा वर्षं अफू खाऊन त्याने ती दोन वर्षांपूर्वी सोडली होती.

मन्सूर सांगत गेला, गुरुजी वहीत लिहीत गेले. पहिली गोळी कंबरदुखीवर. पुढे गोळी नसली की नाकातून पाणी, पोटात मुरडा. "सोडली तवा आठ दिवस जनावरावानी वरडलो," तो म्हणाला. "मंग सुटलो."

त्याची बायको खातून दाराशी गादीला टाके घालत होती. ती म्हणाली, "सुलतानाचं नाई सांगतलं."

मन्सूर पायाशी पडलेला कापूस गोळा करू लागला.

"लपवता काऊन? गुरुजी खरं लिहून राह्यले."

मग तो बोलला. सुलताना त्यांची मुलगी, आठ महिन्यांची. "खातून धानाच्या रोवणीले गेली होती. पोरगी रडे. मले तलफ आलेली, तिचा आवाज सहन होये ना. माह्या गोळीतला तुकडा तिले चाटवला. रोवणीच्या बाया पोरं झोपवाले देतेतच, म्हटलं. झोपली. खातून आली तवा पोरगी थंडी पडली होती."

गुरुजींचा टाक थांबला. "हे वाचून लोक काय म्हणतील, मन्सूरभाऊ?"

"म्हणू द्या. अन् हेबी लिवा, त्या दिवशी सोडली नाई. तिच्या मातीहून आलो अन् खाल्ली. पुढं तीन वर्षं खाल्ली."

खातूनची सुई चालूच होती.

गुरुजींनी ते तसंच लिहिलं. छापायला कोणी तयार झालं नाही, तेव्हा रोवणीच्या तोंडावर त्यांनी वहीच शाळेच्या अंगणात वाचून दाखवली. मन्सूर पुढे बसला होता. सुलतानाचं पान आलं तेव्हा मागून रोवणीला जाणाऱ्या सुकरीने विचारलं, "तुकडा केवढा होता, भाऊ?" तिच्या मांडीवर पोर झोपलेलं होतं.

मन्सूरने नखाचं टोक दाखवलं.

"मीबी तेवढाच देते," सुकरी म्हणाली आणि पोराला गदागदा हलवू लागली. ते उठून रडलं तेव्हा तिने हात थांबवले.

त्या रोवणीत सुकरीचं पोर खातूनने बांधावर सांभाळलं. आणखी दोघींनी आपली पोरं तिच्याकडे सोडली. बाकीच्या गोळी देतच राहिल्या.