पूजेत बसलेला पेचकस

मी एक जुना पेचकस आहे. शहरातली माणसं मला स्क्रूड्रायव्हर म्हणतात. पण माझा मालक नाथाजी बारा वर्षं पलटणीच्या वर्कशॉपात राहून आलेला, तिथली हिंदी त्याच्या जिभेवर बसलेली, म्हणून मी पेचकस. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगायला बसलं की जो तो बढाया मारतो. माझ्याकडून तसली आशा धरू नका. माझ्या मालकाचा उजवा डोळा माझ्या टोकानं गेला. ते कसं घडलं एवढंच मला सांगायचं आहे, आणि तेही जड जातं आहे.

मी मूळचा पोलादाचा तुकडा. मला लालबुंद तापवलं, ठोकून लांब केलं, टोक चपटं केलं आणि तेलात बुडवलं. त्यामुळे माझं टोक फार कडक झालं. कडक पोलाद पिळाला दाद देत नाही, पण त्यावर आडवा घाव बसला तर ते वाकायच्या आधी तुटतं. नाथाजीनं मला जबलपूरच्या बाजारात निवडून घेतलं, माझ्या शिसवी मुठीवर आपलं बोट फिरवलं आणि म्हणाला, "ह्यो मरूस्तवर माज्याजवळ ऱ्हाईल." खरं सांगतो, मी तेव्हा फुशारलो होतो.

पलटण सोडून आल्यावर त्यानं कोरेगावात, रहिमतपूरच्या रस्त्याला पत्र्याची शेड घातली. जीप, ट्रक, ट्रॅक्टर, जे येईल ते दुरुस्त करायचा. हात असा की गंजून बसलेला स्क्रूसुद्धा त्याचं ऐकायचा. आधी खाच काडीनं साफ करायची. मग रॉकेलचे दोन थेंब सोडायचे आणि बिडी ओढत बसायचं. मग मुठीवर हलकी थाप, अंगाचा सगळा भार माझ्यावर, आणि सोडवायच्या आधी केसभर आवळायचं. "जोर लावायचा न्हाई, भार टाकायचा," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. लोक त्याच्या हाताची तारीफ करायचे, आणि तो मला पुसून खिशात ठेवायचा. मला कधी कुणी डबा उघडायला वापरलं की घर डोक्यावर घ्यायचा. चंद्राबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा माझ्यानं गुळाची ढेप फोडली तेव्हा दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता बाबानं.

चौऱ्याहत्तर साली खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. चंद्राबाईनं पाट मांडला, आम्हा सगळ्यांना घासूनपुसून ओळीनं निजवलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी पूजा हालवल्याशिवाय उचलायचं नाही, हा नाथाजीच्या घरचा नेम. मी आपला ऐटीत पडलो होतो. वर्षातून एकदा मिळणारा मान, सोडतो कोण!

तेवढ्यात दारात जीप थांबली. चंद्राबाईचा धाकटा भाऊ गुंडा उतरला. रहिमतपूरच्या नानासोंच्या जीपवर तो ड्रायव्हर होता.

"दाजी, म्होरल्या चाकातनं ब्रेकचं तेल गळतंय. उद्या दुपारी नानासोंना फलटणला न्यायचंय, लेकीची सोयरीक ठरवायला. गाडी उभी ऱ्हायली तर माजी नोकरी गेली बगा."

"उद्या सकाळी पूजा हालली की पयलं काम तुजं," नाथाजी म्हणाला. "आज हत्याराला हात न्हाई. आत ये, पोळी खा."

गुंडा आत गेला नाही. गाडीतल्या जॅकवर त्यानं चाक काढलं. ब्रेकचा ड्रम तीन स्क्रूंनी धरलेला होता. तो निघाल्याशिवाय आतलं गळकं सामान दिसत नाही. दाजीचं तेवढं काम हलकं करावं, एवढाच त्याचा भाबडा विचार. त्यानं एक लोखंडी पट्टी घेतली आणि दगडानं ठोकठोकून दोन स्क्रू काढले. तिसरा गंजलेला. पट्टी सटकली, पुन्हा सटकली, आणि स्क्रूची खाच झिजून नुसती वाटी उरली. मी दहा हातांवर पाटावर पडलो होतो. सगळं ऐकत होतो. अरे, थांब की रे जरा! पण फुलाखालून ओरडणार कसा?

दसऱ्याला सकाळी पूजा हालली. नाथाजीनं मला हातात घेतलं, ड्रमपाशी बसला आणि कपाळावर हात मारला.

"गुंडा, ह्ये काय करून ठिवलंस रं? आता पेचकस धरायचा कशात?"

"चुकलं, दाजी."

"रॉकेल सोडतो. चार-पाच तास मुरू दे. तवर लोहाराकडनं छिन्नी आण, धार लावाया दिलीय."

गुंडा गेला तसा परत आला. लोहाराचा भाता बंद, आणि आमची छिन्नी त्याच्या देवापुढं. लोहार बायकोमुलांना घेऊन देवाला गेलेला, घराला कुलूप.

ऊन चढू लागलं. गुंडा उंबऱ्यात बसून रडायला लागला. चंद्राबाईला भावाचे डोळे बघवेनात.

"आवं, करा की कायतरी," ती म्हणाली. "तुमच्या हाताला कंचा स्क्रू न्हाई म्हणलाय?"

बस्स. ह्या एका वाक्यानं घात केला. तारीफ कुणाला नको असते? नाथाजीनं माझ्याकडे पाहिलं. जन्मभर ज्यानं मला डबा उघडू दिला नाही, त्यानं मला छिन्नीसारखं तिरपं धरलं, माझं टोक स्क्रूच्या कडेला लावलं आणि हातोडा उचलला. पहिला घाव बसला, स्क्रू हलला नाही. दुसरा बसला, मला आतून चीर गेली. मला कळलं, त्याला नाही कळलं. तिसऱ्याला माझा तांदळाएवढा तुकडा उडाला.

"चंद्रे!" एवढंच तो म्हणाला आणि डोळ्यावर हात दाबून मटकन खाली बसला.

जीप जॅकवर, चाक बाजूला. एसटीनं मिरजेला न्यायला संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी पुष्कळ केलं, पण डोळा वाचला नाही. आणि मित्रांनो, ऐका. नानासो दुसऱ्या कुणाच्या तरी मोटारीतून फलटणला जाऊन आले, सोयरीकही ठरली. गाडी नव्हती म्हणून गुंडाला ते एक शब्ददेखील बोलले नाहीत. कशापायी गेला मग हा डोळा? मी रोज विचारतो.

नाथाजीनं मला फेकलं नाही. दगडावर घासून नवं टोक काढलं. फाल्गुनात गुंडा त्याच जीपचा दिवा घेऊन आला. साधा स्क्रू, कोरी खाच. नाथाजीनं मला धरलं, टेकवलं, तर मी खाचेच्या शेजारी पत्र्यावर. पुन्हा टेकवलं, अलीकडे. एका डोळ्याला अंतर कळेना. तिसऱ्यांदा मी काचेवर खट्‌कन आपटलो. चंद्राबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

नाथाजीनं मला गुंडाच्या हातात दिलं. "तू फिरीव. सरळ धर. आदी भार टाक."

गुंडानं मला सरळ धरलं, भार टाकला, आणि स्क्रू निघाला.

"निगाला?" नाथाजीनं विचारलं.

"निगाला, दाजी."

"बरं झालं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून शेड उघडली नाही.

आता मी फळीवर गंजतो आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही पेचकस असेल. त्याला नवमीला फूल वाहा, नका वाहू, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्यावर हातोडा घालू नका. स्क्रू अडला तर अडू द्या, गाडी उभी राहिली तर राहू द्या, मालक रागावला तर रागावू द्या. आणि कुणी तुमच्या हाताची तारीफ केली, तर त्या दिवशी तो स्क्रू तसाच सोडून घरात जा. माझ्या नाथाजीला हे सांगायला मला तोंड नव्हतं.