कुंकवाखालचा जोड

तळेगावच्या बाजारात चंद्रभान महाराजांपुढे सकाळपासून रांग लागली होती. दाताचा एक्स-रे महाराज भस्माच्या डब्यात ठेवत. चाळीस दिवसांनी बाहेर काढला की दाताभोवतीची काळी खाच नाहीशी झालेली असे. तेवढे दिवस हिरडीला भस्म चोळायचं, डॉक्टरकडे जायचं नाही.

"हाड म्हणजे वावर हाय बाप्पा. खत पडलं का भरून येते," महाराज सांगत होते. त्यांचे स्वतःचे पुढचे तीन दात नव्हते. त्याबद्दल कोणी विचारत नव्हतं.

वर्ध्याची दातांची डॉक्टर ज्योत्स्ना काकांना शोधत आली. या काकांनी, किराणा दुकानदार लक्ष्मणरावांनी, सात वर्षांपूर्वी स्क्रूचा दात, म्हणजे हाडात रुतवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात, बसवून घेतला होता. दिवाळीत तिनं एक्स-रे काढला, तेव्हा स्क्रूभोवतीचं हाड निम्मं उतरलं होतं. "लगेच या, उरलेलं वाचवू," तिनं विनवलं होतं. काका तो एक्स-रे घेऊन इथं आले होते. आज चाळीस दिवस भरले होते.

"पाह्य व बाई, भरलं ना हाड," काकांनी महाराजांनी नुकताच डब्यातून काढून दिलेला, कुंकू लावलेला एक्स-रे पुढं केला.

"हे पुसू का?"

"देवाचं कुंकू हाय," महाराज म्हणाले.

"पुसू द्या ना महाराज, तुमच्यापाशी डबाभर हाय," रांगेतली धुरपता भाजीवाली म्हणाली.

ज्योत्स्नानं पुसलं. पर्समधून दिवाळीतल्या एक्स-रेची प्रत काढून दोन्ही उन्हात धरले. कुंकू नेमकं स्क्रू आणि वरच्या दाताच्या जोडावर होतं.

"काका, तुमच्या स्क्रूवर वरचा भाग सपाट टेकवलाय, स्क्रूएवढाच रुंद. त्या फटीत जंतू राहतात, चावताना जोड किंचित हलतो, शेजारचं हाड मागं सरतं. या कुंकवाच्या एक्स-रेतला वरचा भाग बघा, अरुंद आहे, पाचरीसारखा स्क्रूच्या आत घट्ट बसलाय. फट हाडापासून दूर. अशा ठिकाणी हाड जास्त टिकतं. हे हाड वाढलेलं नाही. हा दुसऱ्याच कुणाचा दात आहे."

"म्हंजे महाराजांनं स्क्रूबी बदलून देला," मागून कोणी म्हणालं. रांग हसली. महाराजांनी हात जोडले.

काका हसले नाहीत. "मंग माहं हाड?"

तिनं त्यांच्या दाताला बोट लावलं. स्क्रूसकट दात हलला. दिवाळीत तो पक्का होता.

ती रांगेकडे वळली. "भस्मानं हाड वाढत नाही. निदान डब्यातून परत मिळालेला एक्स-रे आपल्याच दाताचा आहे का, एवढं कुंकू पुसून बघा."

धुरपतानं डब्यात ठेवायला आणलेला आपला एक्स-रे पदरात धरला. काका उठल्यानं महाराजांपुढची जागा रिकामी झाली होती, तिथं ती सरकली.