तोफल विकणारा कोण?

माझ्या भाचीला घरात सगळे मुंगी म्हणतात. तिसरीत आहे. वाचताना अडते, म्हणून शाळेनं तिची आणि वर्गातल्या अशाच आणखी काही मुलांची शब्दांची समज तपासायचं ठरवलं. निकाल वाईट आला तर तिला कच्च्या मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवणार होते. भाऊ-वहिनी कामावर, म्हणून सोबत मी, तिची आत्या. मला खोलीत मागच्या बाकावर बसवलं. ब्र काढायचा नाही, अशी ताकीद. शेजारी तिच्या वर्गाच्या बाई, त्यांनाही तीच.

तपासणाऱ्या ताई हसऱ्या होत्या. "दुधवाला. ह्या शब्दाचे अर्थाचे तुकडे कर पाहू."

मुंगीनं ऐटीत तीन टाळ्या वाजवल्या. "दूध! वा! ला!"

"टाळ्या नकोत गं. शहाणपण?"

पुन्हा तीन टाळ्या. ताईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मुंगीनं ते पाहिलं, तिचा चेहरा एवढासा झाला, आणि पुढच्या शब्दाला तोंडच उघडेना. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, बाबा रे, माझ्या तोंडाला कुलूप आहे, तू तरी बोल.

बोलल्या बाई. चक्क उठून उभ्या राहिल्या. "ताई, हा घोळ माझा आहे. वाचायला सोपं जावं म्हणून शब्द टाळ्यांवर तोडायला मीच शिकवलंय. बाकीची मुलंही अशीच टाळ्या पिटणार आहेत तुमच्यासमोर!"

"अहो, मग आधी सांगायचं ना!" ताई हसल्या. "प्रश्नच कळला नसेल तर नमुना दाखवता येतो." मग मुंगीकडे वळून म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. फुलवाली. फूल हा एक तुकडा, वाली दुसरा. वाली कुठकुठे लागतं?"

"भाजीवाली, रिक्षावाली..." मुंगीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, चुकून टाळी वाजू नये म्हणून. "अच्छा, असं होय!"

"आता खोटा शब्द. तोफल नावाचा एक प्राणी आहे असं समज. तोफल विकतो तो?"

"तोफलवाला."

"ज्याच्याकडे तोफल नाही तो?"

"बिनतोफलाचा."

"आणि तोफल म्हटलं की ज्याला दुसरं काही सुचत नाही?"

"तोफलवेडा!" उत्तरं अशी फटाफट, की ताईंची पेन्सिल मागे पडली. वर मुंगीच विचारते, "तोफलपणा चालेल?"

"म्हणजे काय गं?"

"तोफलासारखं वागणं. आत्या मला रोज सांगते ना, गाढवपणा करू नकोस!"

बाई पदरात तोंड लपवून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण ऊर भरून आला होता. डोळे पुसत बसले.

ताईंनी कागदावरचं आधीचं खोडलं. "समज पक्की आहे हिची. अडतंय ते फक्त वेगात, तो सरावानं येईल. राहू द्या आपल्या वर्गातच."

बाईंनी मुंगीला जवळ घेतलं, आणि मग बाकीच्या मुलांना टाळ्या आवरा म्हणून सांगायला लगबगीनं वर्गाकडे गेल्या.

बाहेर शिपाईदादा उभे होते. "काय आत्याबाई, झाली का पास?"

"पास-नापास नव्हतंच हो ते," मी म्हटलं, आणि तोफल म्हणजे काय इथपासून त्यांना सगळं साग्रसंगीत ऐकवलं. बिचारे मधल्या सुट्टीची घंटा द्यायची विसरले.